शोध लागला, पण बिलात

विजेवरच्या दुचाकींच्या धंद्यात गेल्या दहा वर्षांत आपल्याकडे लागलेला सर्वांत मोठा शोध कोणता? कुणी बॅटरी म्हणेल, कुणी मोबाइलशी गप्पा मारणारा डॅशबोर्ड म्हणेल. माझं मत चार्जरला. चार्जरच्या यंत्रणेला नव्हे हां. 'चार्जर हा स्कूटरचा भागच नव्हे' या सिद्धांताला.

प्रकरण असं. विजेच्या गाड्यांना अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'फेम-२' योजनेत एक अट होती: कारखान्यातून बाहेर पडताना दुचाकीची किंमत दीड लाखाच्या आत हवी. वर गेलात की अनुदान शून्य. हेतू सरळ होता. सरकारी तिजोरीतला पैसा नोकरदाराच्या गाडीला जावा, हौशी धनिकाच्या खेळण्याला जाऊ नये. आता कंपन्यांपुढे दोन वाटा. एक, गाडी स्वस्तात बनवायची. त्याला इंजिनिअर लागतात, प्रयोगशाळा लागते, दोन-तीन वर्षं लागतात आणि शेवटी जमेलच याची खात्री नसते. दुसरी, गाडी आहे तशीच ठेवायची, तिच्यातलं काहीतरी काढायचं आणि वेगळ्या पावतीवर विकायचं. याला एक एक्सेल शीट लागते आणि एक दुपार पुरते.

चार्जर निघाला. काही ठिकाणी सॉफ्टवेअरच्या सोयीही वेगळ्या पावतीवर गेल्या. चार्जरविना स्कूटर दीड लाखात बसली, अनुदान पदरात पडलं, आणि गिऱ्हाइकाने चार्जरचे पैसे निराळे मोजले. मोजणार नाही तर करणार काय? चार्जर न घेता स्कूटर नेली तर ती दारात उभी करून तिला हार घालायचा.

२०२३ च्या मे महिन्यात सरकारने डोळे वटारले आणि ओला, एथर, टीव्हीएस आणि हीरो मोटोकॉर्पची विडा या चौघांनी चार्जरचे पैसे ग्राहकांना परत करण्याचं कबूल केलं. एकट्या ओलाचा आकडा सुमारे १३० कोटी रुपयांचा. चार्जर मग गुपचूप स्कूटरच्या कुटुंबात परत आला.

यात कुणी दरोडा घातला असं मला म्हणायचं नाही. नियम वाचला आणि नियमाच्या कडेने गाडी काढली, इतकंच. पण अनुदानाने नव्या तंत्रज्ञानाला चालना मिळते की खीळ बसते, या प्रश्नावर परिसंवाद झडतात तेव्हा मला हा चार्जर आठवतो. आपल्या कंपन्यांत बुद्धीचा तुटवडा मुळीच नाही. ती बुद्धी पैसा असेल तिथे धावते आणि पैसा कुठे आहे हे अधिसूचनेत लिहिलेलं असतं. सरकार ज्या गोष्टीचे पैसे मोजतं त्याच गोष्टीचा शोध लागतो. किमतीच्या रेषेचे पैसे मोजले, रेषेखालून वाकून जाण्याचा शोध लागला.

बरं, सरकारने संशोधनाचे पैसे किती मोजले? फेम-२ एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं पान दहा हजार कोटींचं होतं. त्यातले ८,५९६ कोटी गाडी विकत घेताना मिळणाऱ्या सवलतीला. एक हजार कोटी चार्जिंग स्टेशनांना. ३८ कोटी जाहिरात आणि कारभाराला. ३६६ कोटी आधीच्या योजनेची देणी फेडायला. करा बेरीज. बरोब्बर दहा हजार भरते. त्यात संशोधन नावाचा रकाना शोधू नका, तो नव्हताच. २०१५ च्या पहिल्या फेममध्ये तंत्रज्ञान-विकास हा एक भाग निदान कागदावर तरी होता. दुसऱ्या खेपेला कागदाचीही बचत केली.

पहिल्या फेमचंही फार कौतुक नको. तिच्यात 'माइल्ड हायब्रीड' नावाच्या गाड्यांनाही अनुदान होतं. मारुतीची डिझेलवरची सियाझ घेतली की तेरा हजारांची सूट. या गाडीत एक छोटी बॅटरी असायची; ती सिग्नलला इंजिन बंद करून परत सुरू करायची आणि वेग घेताना जरा हात लावायची. नुसत्या विजेवर ही गाडी सोसायटीच्या फाटकापर्यंतही जात नसे. डिझेल गाडीला पर्यावरणाचा प्रसाद दिल्याचं सरकारच्या लक्षात यायला २०१७ चा एप्रिल उजाडला. शिशाच्या जुनाट बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरींना तर २०१८ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत अनुदान चालूच होतं. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं जुन्या रसायनाला आपण नवतंत्रज्ञान म्हणून पैसे देत होतो.

आता एक छोटा हिशेब. आयआयटी मद्रासमधल्या तरुण मेहता आणि स्वप्निल जैन या दोघांनी २०१३ मध्ये एथर सुरू केली. २०१४ मध्ये त्यांना पहिलं भांडवल मिळालं ते ४५ लाख रुपये. तेही केंद्राचं टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड, त्यांची आयआयटी आणि एक खासगी गुंतवणूकदार अशा तिघांचं मिळून. या बीजावर पुढे बॅटरी पॅकपासून डॅशबोर्डपर्यंत बरंच काही घरात आखणारी कंपनी उभी राहिली. आता दुसरी बाजू. अनुदान ऐन भरात होतं तेव्हा ओलाच्या एस१ प्रो या एका स्कूटरमागे केंद्र ५९,५५० रुपये देत होतं. म्हणजे एका कंपनीचा पाया घालणारं बीजभांडवल पंच्याहत्तर स्कूटरींच्या सवलतीत संपतं. पंच्याहत्तर स्कूटरी म्हणजे एखाद्या शोरूमचा बरा महिना.

हे ५९,५५० कुठून आले, ते बघण्यासारखं आहे. अनुदान बॅटरीच्या आकारावर होतं. २०१९ मध्ये दर किलोवॉट-तासाला दहा हजार रुपये. जून २०२१ मध्ये दर पंधरा हजारांवर नेला आणि गाडीच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत सूट मोकळी केली. एस१ प्रोची बॅटरी ३.९७ किलोवॉट-तासांची. गुणाकार तुम्हीच करा.

यातली गोम बघा. दोन कंपन्या आहेत समजा. एकीने डोकं लढवून गाडी हलकी केली, मोटर सुधारली, आणि अडीच किलोवॉट-तासांत शंभर किलोमीटर काढून दाखवले. दुसरीने काहीच सुधारलं नाही, साडेतीन किलोवॉट-तासांचं धूड सीटखाली कोंबलं आणि तेवढेच शंभर काढले. सरकारकडून पैसे जास्त कुणाला? दुसरीला. पंधरा हजारांनी जास्त. हुशारीला दंड आणि वजनाला बक्षीस असा हा कारभार. बॅटरीच्या आतले सेल चीनहून यायचे, त्यामुळे जितकी बॅटरी मोठी तितकी आयात मोठी आणि तितकंच अनुदानही मोठं. आत्मनिर्भरतेच्या नावाने आपण नेमका कुणाचा कारखाना चालवत होतो, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

वीज किती प्यावी यावर बंधन नव्हतं असं नाही. होतं. शंभर किलोमीटरला सात युनिटांपेक्षा जास्त नको. साधारण बरी स्कूटर तीनेक युनिटांत हे अंतर कापते. म्हणजे या परीक्षेत नापास व्हायचं तर खास मेहनत घेऊन वाईट गाडी बनवावी लागली असती.

पल्ल्याची अट होती ऐंशी किलोमीटर. गाड्यांना दाखला देणाऱ्या संस्थांतली एक आपल्या पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे: एआरएआय. संस्था जुनी, १९६६ सालची, आणि तिच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तिथल्या रोलरवर कात्रजचा घाट नसतो, सिंहगड रोडची गर्दी नसते आणि मागच्या सीटवर भाजीच्या दोन पिशव्या घेतलेली आत्याही नसते. त्यामुळे दाखल्यावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला यांची गाठ क्वचितच पडते. २०२२ च्या एथर ४५०एक्सचा दाखल्यावरचा आकडा १४६ किलोमीटर आणि कंपनीने स्वतः सांगितलेला खरा आकडा १०५. स्वतःहून सांगितला याबद्दल कंपनीला नमस्कार. सरकारचं अनुदान मात्र पहिल्याच आकड्याला ओळखायचं. रस्त्यावर चाळीस किलोमीटर जास्त देणारी गाडी बनवण्यापेक्षा रोलरवर चांगली धावणारी गाडी बनवणं केव्हाही किफायतशीर.

मग जून २०२३ आला. अनुदान परत दहा हजारांवर, आणि कमाल मर्यादा चाळीस टक्क्यांवरून थेट पंधरावर. मे महिन्यात देशभरात लाखाहून अधिक विजेच्या दुचाकींची नोंदणी झाली होती. जूनमध्ये ती निम्म्याच्याही खाली आली. उद्योग बुडाला, हरित क्रांती संपली, असा आक्रोश झाला. आणि ऑगस्टमध्ये काय झालं? एथरने २.९ किलोवॉट-तासांची ४५०एस आणली. ओलाने एस१ एक्स आणली, त्यात दोन किलोवॉट-तासांचीही एक. छोटी बॅटरी, कमी थाट, कमी किंमत. अर्थात गाडी दोन महिन्यांत बनत नाही, तयारी आधीपासून चालू असणारच. पण स्वस्त गाडी कशी विकायची, हा प्रश्न ऐरणीवर आला तो स्वस्ताई करायला दिल्लीतला पैसा कमी पडू लागल्यावर. पुढची आकडेवारी आक्रोश करणाऱ्यांना खोटं पाडते. २०२२-२३ मध्ये सुमारे सव्वासात लाख दुचाकी नोंदल्या गेल्या, कपातीच्या वर्षात साडेनऊ लाखांच्या आसपास, आणि त्याच्या पुढच्या वर्षी अकरा लाखांच्या वर. अनुदान उतरत गेलं आणि खप चढत गेला.

चार्जरचा किस्सा निदान विनोदी तरी आहे. सुट्या भागांचा किस्सा तसा नाही. फेमची दुसरी मोठी अट होती देशी बनावटीची. मोटर, कंट्रोलर, वायरिंग, अमुक भाग अमुक तारखेपासून इथलेच हवेत. बॅटरीचा पॅकही इथेच जुळवलेला हवा. आणि पॅकच्या पोटातला सेल? तो बाहेरून आणायला परवानगी. म्हणजे जिथे खरी रसायनविद्या आहे, जिथे पुढच्या वीस वर्षांची सत्ता ठरणार आहे, तो भाग माफ. डबा आणि वायर मात्र स्वदेशी. एवढी सोपी परीक्षा ठेवूनही २०२२ मध्ये तक्रारी आल्या की काही जण तयार भागच आणून जोडताहेत. चौकशी झाली. सात कंपन्यांकडून मिळून ४६९ कोटी रुपये सरकारने परत मागितले. रिव्होल्टसारख्या काहींनी भरले. हीरो इलेक्ट्रिक, ओकिनावा आणि बेनलिंग या तिघींवर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गंभीर फसवणूक तपास कार्यालयाच्या धाडी पडल्या; आरोप २९७ कोटींचं अनुदान खोटेपणाने घेतल्याचा. आरोप आहेत, निकाल नाही, हे आठवणीत ठेवूया.

कंपन्यांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकायला हवी. अनुदान गिऱ्हाइकाच्या खात्यात येत नसे. कंपनीने आधी किमतीतून वजा करायचं, मग सरकारकडे बिल लावायचं आणि वाट बघायची. चौकशी सुरू झाली तशी बिलं अडकली. खेळतं भांडवल आटलं. हीरो इलेक्ट्रिक एकेकाळी देशात सर्वांत जास्त विजेच्या दुचाकी विकणारी कंपनी. डिसेंबर २०२४ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सरकारच्या उधारीवर धंदा उभारला की सरकारच्या एका पत्राने तो आडवाही होतो. फसवणारा कोण आणि फसलेला कोण हे न्यायालय ठरवेल. मात्र ज्यांच्या दारात या कंपन्यांच्या स्कूटरी उभ्या आहेत आणि ज्यांना आज सुटा भाग मिळत नाही, त्यांचं काय, हे कुठल्याच योजनेत लिहिलेलं नाही.

मग या काळात खरं तांत्रिक काम झालंच नाही का? झालं. पण ते पैशाने झालं नाही, धाकाने झालं. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये स्कूटरी पेटू लागल्या. पुण्यात भर रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक स्कूटर धडधडून पेटली, त्याचा व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. ओलाने १,४४१ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि एआयएस-१५६ हे बॅटरी-सुरक्षेचं मानक कडक केलं. पहिला टप्पा डिसेंबर २०२२ पासून, दुसरा मार्च २०२३ अखेर. एक सेल पेटला तरी शेजारचे पेटता कामा नयेत. पाणी शिरता कामा नये. धोका दिसला की गाडीने बोंब मारून सांगितलं पाहिजे. बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा हवीच. मागवलेले सेल डब्यात भरून वर स्टिकर चिकटवणाऱ्यांची यात पंचाईत झाली, आणि ज्यांच्याकडे बॅटरी समजणारी माणसं होती त्यांची नाही. या सुधारणेसाठी सरकारने कुणाला किलोवॉट-तासामागे एक रुपया दिला नाही. फक्त सांगितलं, जमत नसेल तर विकू नका.

इथे कुणीतरी हमखास चीनचं नाव काढतो. चीनने अनुदानाचा पाऊस पाडला म्हणूनच बॅटरी बनवणाऱ्या बीवायडी आणि सीएटीएल उभ्या राहिल्या ना? हो, पाडला. २००९ पासून २०२२ च्या अखेरपर्यंत पाडला. आणि लबाडी तिथेही झाली, आपल्याला लाजवेल अशी. २०१६ मध्ये चीनच्या अर्थमंत्रालयाने पाच बस कंपन्यांची नावं जाहीर केली. मिळून सुमारे शंभर कोटी युआन त्यांनी उकळले होते. त्यातल्या सूचाऊच्या एका कंपनीने न बनलेल्या गाड्यांचे कागद रंगवून अनुदान घेतलं होतं. चार्जर बाजूला काढणं किती सात्त्विक वाटतं बघा यापुढे! यांनी अख्खी बसच बाजूला काढली होती.

पण चीनची खरी गंमत पुढे आहे. २०१७ पासून त्यांनी अनुदान बॅटरीच्या घनतेशी बांधलं. एक किलो वजनात जितकी जास्त वीज, तितका जास्त पैसा. झालं, सगळा उद्योग निकेल-कोबाल्टच्या बॅटरीकडे धावला. लोह-फॉस्फेटची बॅटरी स्वस्त, टिकाऊ आणि सहजी न पेटणारी; पण वजनाने जड, म्हणून सरकारी परीक्षेत मागे. जाणकार तिला मोडीत काढू लागले होते. मग अनुदान उतरू लागलं, गाडी बाजारातल्या भावाने विकायची वेळ आली, आणि सगळ्यांना अचानक लोह-फॉस्फेटचे गुण आठवले. मार्च २०२० मध्ये बीवायडीने 'ब्लेड' बॅटरी आणली: तेच जुनं रसायन, पण लांब पात्यांसारखे सेल थेट पॅकमध्ये रचून जागा वाचवलेली. त्याच वर्षी शांघायमध्ये बनणाऱ्या टेस्लाच्या मॉडेल ३ मध्येही लोह-फॉस्फेट आलं. २०२१ च्या मध्यावर चीनमध्ये या बॅटरीने निकेलवालीला मागे टाकलं. ज्या बॅटरीवर आज चीन जगाला गाड्या विकतोय, तिला त्यांच्याच अनुदानाने चार वर्षं वर्गाबाहेर उभं केलं होतं.

तरीही चीनकडून दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. एक, त्यांनी परीक्षा दरवर्षी अवघड केली. मोटारीला अनुदान हवं तर पल्ला २०१६ मध्ये शंभर किलोमीटर, २०१८ मध्ये दीडशे, २०१९ मध्ये अडीचशे. मागच्या वर्षीचा हुशार यावर्षी नापास. आपली ऐंशी किलोमीटरची रेघ योजना सुरू झाली तिथेच बसून राहिली. दोन, अनुदान कमी होणार हे त्यांनी आधी सांगितलं. २०१७-१८ मध्ये वीस टक्के कमी, २०१९-२० मध्ये चाळीस टक्के कमी, हे एप्रिल २०१५ मध्ये लिहून दिलं होतं. पुढे वेळापत्रक इकडेतिकडे झालंही, पण संशोधनाला किती वर्षं हातात आहेत याचा अंदाज आला. परदेशी स्पर्धकाला कोपऱ्यात उभं करणं ही त्यांची तिसरी युक्ती. बॅटरी कंपन्यांची सरकारी यादी काढली आणि एलजी, सॅमसंग या कोरियन कंपन्यांना काही वर्षं बाहेर ठेवलं. ती उचला असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे यादी निघाली की यादीत नाव घालण्याचाच एक नवा उद्योग सुरू होतो.

आपल्याकडे वेळापत्रक कसं असतं? पालिकेच्या नळासारखं. येईल तेव्हा भरून घ्या. जून २०२१ मध्ये दर वाढला. मे २०२३ मध्ये अधिसूचना निघाली आणि दहा-बारा दिवसांत कपात लागू. मार्च २०२४ मध्ये फेम-२ संपली. एप्रिलपासून चार महिन्यांची एक हंगामी योजना आली, तिला दोन महिने आणखी जोडले. ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह, किलोवॉट-तासाला पाच हजार, सहा महिन्यांनी अडीच हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये ही योजना २०२८ पर्यंत लांबवली, पण दुचाकींसाठी मार्च २०२६ ही शेवटची तारीख ठेवली. नवी बॅटरी बाजारात आणायला चार-पाच वर्षं लागतात. या असल्या पंचांगावर कुठला शहाणा प्रयोगशाळा बांधेल? तो चार्जरचीच पावती वेगळी करत बसणार. जर्मनीबद्दल मात्र आपण उगाच न्यूनगंड बाळगतो. डिसेंबर २०२३ मध्ये विजेच्या मोटारींचं अनुदान बंद करत असल्याचं त्यांनी एका शनिवारी सांगितलं आणि अर्जांची शेवटची तारीख ठेवली रविवार.

आपलं महाराष्ट्र सरकारही मागे नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला. त्याच महिन्यात तो मागे घेतला. एप्रिलअखेर नवं धोरण आलं, २०३० पर्यंतचं, १,९९३ कोटींचं. त्यातली लोकांना सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी. छान. फक्त या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला प्रवेशच नाही. राज्यात विजेवर सर्वांत जास्त चालतात त्या दुचाकी. म्हणजे माफी तीस लाखांच्या मोटारीला, आणि लाखाची स्कूटर घेणाऱ्याने ती बातमी वाचून पर्यावरणाला शुभेच्छा द्यायच्या. टोल वाचल्याने कुठली बॅटरी सुधारते, हे मला धोरणात सापडलं नाही.

पैसा उत्पादनाला द्यावा म्हणाल, तर तोही दिला. सेल भारतात बनावेत म्हणून १८,१०० कोटींची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, लक्ष्य ५० गिगावॉट-तास. बोली जिंकणाऱ्यांत रिलायन्स होती, ओला होती आणि सोन्याच्या व्यापारातली राजेश एक्स्पोर्ट्सही होती. मुदत उलटली तरी लक्ष्याचा फारच लहान तुकडा उभा राहिला आहे. निविदा जिंकणं ही एक विद्या, सेल बनवणं ही दुसरी. आपण पहिलीची परीक्षा घेतली.

दरम्यान एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात आवळली. 'देशी' मोटरच्या पोटातही परदेशी चुंबक आहे हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. जुलैमध्ये बजाजच्या चेतकचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं आणि ऑगस्टमध्ये ते शून्यावर जाऊ शकतं, असं राजीव बजाज यांनी उघड सांगितलं. वायरिंग स्वदेशी होतं, त्याबद्दल मात्र तक्रार नव्हती. वरातीमागून घोडं निघावं तशी नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना आली. वर्षाला सहा हजार टन क्षमता उभी करायची आहे.

योजना चांगली आहे, गरजेची आहे. दुर्मीळ खनिज न वापरता मोटर बनवणाऱ्याला तिच्यात काय मिळणार, चुंबक टनावर मोजणार की त्याच्या ताकदीवर, कोणता भाग इथे बनला म्हणजे चुंबक 'इथला' ठरणार, हे प्रश्न कंपन्यांच्या संशोधन विभागाआधी हिशेब विभागात वाचले जाणार आहेत. म्हणून दिल्लीत नियमांचा मसुदा लिहिणाऱ्या साहेबांना एकच कळकळीची विनंती. तज्ज्ञ समितीला दाखवा, उद्योगांच्या महासंघाला दाखवा, हरकत नाही. पण जाहीर करण्याआधी एखाद्या हुशार चार्टर्ड अकाउंटंटला बोलवा, त्याला चहा द्या, आणि विचारा की यात पळवाटा किती. तो सांगेल तेवढ्या बुजवा आणि मगच सही करा. तो एक तासाची जी फी सांगेल ती द्या. ७,२८० कोटींत ती बसेल.